डेक काळा कशाने पडलाय ते आधी बघा, केमिकल मग ठरवू

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोणावळ्याजवळच्या बंगल्याला मागच्या बाजूने साधारण २२० चौरस फुटांचा सागवानी डेक आहे, पाच पावसाळे काढलेला. यंदा दिवाळीच्या तोंडावर जाऊन बघितलं तर फळ्या काळ्या-हिरव्या झाल्यात आणि पाय सटकतोय. बंगला सांभाळणारे काका म्हणतात ॲसिड मारू, हार्डवेअरवाल्याने ब्लीचिंग पावडर हातात ठेवली आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी व्हिनेगर आणि खायचा सोडा सुचवला. घरात कुत्रा आहे, डेकला लागून माशांचं छोटं तळं आहे आणि म्हातारे आई-वडील त्याच डेकवर सकाळी बसतात. शिवाय न्यू जर्सीतल्या बहिणीच्या घरचा जुना डेक आहे, तिलाही हेच चालेल का, असंही विचारलंय. बहिणीचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी घेतो.

घराबाहेरच्या लाकडाची दुरुस्ती आणि पॉलिश हाच माझा धंदा आहे. घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले बरेच डेक हाताखालून गेलेत आणि त्यावरून माझं मत पक्कं झालंय: सागवानाचं पावसाने जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा जास्त चुकीच्या धुण्याने होतं. पावसाने आलेला काळेपणा निघतो. ॲसिडने खाल्लेले स्क्रू आणि प्रेशर वॉशरने उपटलेले तंतू परत येत नाहीत.

म्हणून दुकानात जाण्याआधी डेकवर उकिडवे बसा आणि काळं म्हणजे नक्की काय ते बघा. वरून सगळं एकच दिसतं, पण सहसा त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि चौघींना औषध वेगळं.

पहिला तो राखाडी रंग. लाकडात तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन असतं. उन्हातले अतिनील किरण ते मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतो तो सेल्युलोजचा करडा थर. हा रोग नाही. जहाजांवरचे सागवानी डेक असे करडे होऊनही वर्षानुवर्षं टिकतात. तुम्हाला रंग आवडत असेल तर त्याला हात लावायची गरजच नाही.

दुसरं हिरवं शेवाळ. सावली, ओल आणि फटींत अडकलेला पाला असला की ते येतंच. पाय सटकतो तो मुख्यतः याच्यामुळे. तिसरी काळी बुरशी, ठिपक्याठिपक्यांनी पसरते आणि लाकडावरची धूळ, जुनं तेल, परागकण यांच्यावर जगते. चौथा प्रकार लोक ओळखतच नाहीत: लोखंडाचा डाग. सागवानात, ऐनात, किंजळात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. त्याला ओलीत लोखंड भेटलं की निळसर काळी शाई तयार होते. साधे एमएसचे, म्हणजे गंजणाऱ्या माइल्ड स्टीलचे स्क्रू असतील तर प्रत्येक डोक्याभोवती काळं वर्तुळ आणि त्यातून लाकडाच्या रेषेच्या दिशेने उतरलेला ओघळ दिसेल. आणि डेकच्या एकाच कोपऱ्यात मोहरीएवढे शेकडो काळे ठिपके असतील तर आठवून बघा, तिथे रेलिंगचं काम झालं होतं का? फॅब्रिकेटर डेकवरच पाइप ठेवून ग्राइंडर चालवतो, ठिणग्यांबरोबर लोखंडाचा चुरा फळ्यांत बसतो आणि पहिल्या पावसात एकेक कण फुलतो. मालक वर्षभर त्याला बुरशी समजून ब्लीच मारत राहतात. ब्लीचला त्या डागाशी काही देणंघेणं नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. घरातलं पातळ ब्लीच, म्हणजे कपड्यांसाठी मिळतं ते सोडियम हायपोक्लोराइट, त्याचा एक थेंब एका काळ्या डागावर टाका. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी आहे. ढिम्म राहिला तर धूळ नाहीतर लोखंड. आता तिथून हातभर लांब, दुसऱ्या डागावर, ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याचा थेंब टाका. काळं विरत गेलं आणि खालचा पिवळसर तांबूस रंग वर आला की लोखंडाचा डाग. दोन्ही थेंब एकाच जागी टाकू नका, त्याचं कारण पुढे येतंच. तिसरा थेंब साध्या पाण्याचा. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर जुनं तेल किंवा पॉलिश अजून जागेवर आहे. लगेच मुरला तर लाकूड उघडं पडलंय.

आता एकेक केमिकल घेऊ, आणि ज्यांना नको म्हणायचंय त्यांच्यापासूनच सुरू करू.

काकांचं ॲसिड म्हणजे म्युरिएटिक, हायड्रोक्लोरिक ॲसिड. टॉयलेट साफ करायच्या निळ्या बाटलीत असतं तेच, फक्त जास्त तीव्र. फरशीवरचं सिमेंट काढायला ते ठीक आहे. डेकवर ते स्क्रूचं लोखंड विरघळवून टॅनिनच्या हवाली करतं, म्हणजे काळेपणा काढायला गेलात आणि नवे काळे ओघळ पाडून आलात. स्टेनलेसचे स्क्रू असले तरी क्लोराइडमुळे त्यांना बारीक खड्डे पडतात. सेल्युलोजचे तंतू कमजोर होतात ते वेगळंच. २०१३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दुकानदाराने ॲसिड विकताना ओळखपत्र बघून नोंद ठेवायची असते. ती नोंद करायची वेळच डेकसाठी येऊ देऊ नका.

ब्लीचिंग पावडर. विहिरीत टाकायला आपल्याकडे ती वर्षानुवर्षं वापरतात, त्यामुळे विश्वास मोठा. पण ती मुळात चुन्यावर बसवलेलं क्लोरिन आहे. क्लोरिन उडून जातं, चुना फळीच्या रेषांत बसतो आणि वाळल्यावर डेक पांढुरका दिसतो. मग ते पांढरं घालवायला कुणीतरी ऑक्झॅलिक मारतं. इथे दोन गोष्टी होतात. उरलेल्या क्लोरिनवर ॲसिड पडून विषारी वायू सुटतो. आणि चुन्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलिकशी मिळून कॅल्शियम ऑक्झॅलेट बनतं, जे पाण्यात विरघळत नाही. आता पांढरा थर कायमचा बसला, तो सँडिंगशिवाय निघणार नाही. पावडर घेतली असेल तर ती टाकी धुवायला ठेवा.

पातळ ब्लीचला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. बुरशी मारण्यात त्याचा हात धरणारं फारसं काही नाही. अमेरिकेच्या वनखात्याची विस्कॉन्सिनमधली फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीसुद्धा बुरशीसाठी एक भाग घरगुती ब्लीच, तीनेक भाग कोमट पाणी आणि अमोनिया नसलेला थोडा डिटर्जंट अशा मिश्रणाची शिफारस करत आली आहे. अडचण प्रमाणाची आणि वेळेची होते. आपल्याकडे कॅनमधून जे सुटं हायपोक्लोराइट मिळतं ते दहा-बारा टक्क्यांचं असतं, घरगुती बाटलीतलं चार-पाच टक्क्यांचं. माळी कॅनमधलं तसंच ओततो, जेवायला जातो आणि परत येईपर्यंत फळीच्या वरच्या थरातलं लिग्निन गेलेलं असतं. हाताने घासलं की पांढरी लव सुटते, कापसासारखी. शिवाय ब्लीच रंग उडवतं, मळ काढत नाही. म्हणून डेक क्षणभर स्वच्छ दिसतो आणि पुढच्या पावसात त्याच मळावर बुरशी परत बसते. नुसते बुरशीचे पट्टे असतील तर तेवढ्या जागी पातळ करून दहा मिनिटं आणि मग भरपूर पाणी, इतकंच त्याचं काम.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकला की फेस छान येतो. फेस येतो म्हणजे आम्ल आणि अल्कली एकमेकांना खाऊन मोकळे झाले आणि बादलीत सोडियम ॲसिटेटचं पाणी उरलं. व्हिडिओसाठी उत्तम.

कॉस्टिक सोडा फक्त एकाच कामासाठी: जुना जाड तेला-पॉलिशचा थर सोलायचा असेल तेव्हा, आणि तेही सवयीच्या माणसाच्या हातून. तुमच्या डेकवर पाण्याचा थेंब मुरत असेल तर त्याची गरज नाही. डिझेल, रॉकेल, गॅरेजमधलं जळकं ऑइल यांचं नावही काढू नका. काळेपणा झाकला जातो, निघत नाही, आणि वर आगीला आमंत्रण.

मग काय वापरायचं? बहुतेक डेकसाठी माझ्याकडे दोन बादल्या असतात, एक अल्कलीची, एक आम्लाची, आणि त्या दोघींची गाठ मी पडू देत नाही.

पहिल्या बादलीत सोडियम परकार्बोनेट. केमिकलच्या दुकानात याच नावाने मागा. कपड्यांच्या डागांसाठी ‘ऑक्सी’ नावाने ज्या पावडरी मिळतात त्यांतला कामाचा भाग हाच असतो, पण त्यांत सुगंध, एन्झाइम आणि भरताड मिसळलेलं असतं, म्हणून सुटी पावडर बरी. पाण्यात पडली की तिचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोडा चिकट मळ आणि जुनं तेल सुटं करतो, पेरॉक्साइड बुरशी-शेवाळावर जातं, आणि त्याचा फेस रेषांमधली घाण वर ढकलतो. काम झाल्यावर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे उरतो सोडा. क्लोरिन नाही, वास नाही.

प्रमाण लिटरला साधारण ६० ग्रॅम. पाणी कोमट हवं, हात सहज बुडवता येईल इतकं. गारेगार पाण्यात ती आळशीपणा करते, उकळत्या पाण्यात बादलीतच सगळा जोर संपवते. बादली प्लास्टिकची घ्या, कारण लोखंड आणि तांब्याच्या संपर्काने पेरॉक्साइड भराभर मोडतं. कालवलेलं मिश्रण दोन-तीन तासांत वापरून टाका. आणि हे नीट ऐका: उरलेलं बाटलीत भरून बूच लावून ठेवू नका. आत ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुगते आणि फुटते. फवाऱ्याच्या पंपातही काम संपल्यावर ठेवायचं नाही.

दुसऱ्या बादलीत ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास. पॉलिशवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, फर्निचरवरचे काळे डाग काढायला ते नेहमी वापरतात. हे बुरशी मारत नाही, मळही काढत नाही. याची दोन कामं: लोखंड-टॅनिनची शाई तोडणं आणि पहिल्या धुण्यातल्या अल्कलीचा उरलेला अंश मारून लाकडाचा रंग परत आणणं. जांभ्याच्या लाल मातीचे डागही याने जातात, कारण ते लोखंडाच्या गंजाचेच असतात. कोकणातल्या घरांना याचा फार उपयोग होतो. बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेलं असेल तर मात्र ऑक्झॅलिक पिंपातल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात कालवा, नाहीतर वर सांगितलेला पांढुरका थर थोड्या प्रमाणात इथेही येतो.

सौम्य वाटतं म्हणून ऑक्झॅलिकला हलकं घेऊ नका. हे विष आहे. पोटात गेलं तर शरीरातल्या कॅल्शियमला धरून मूत्रपिंडात स्फटिक करतं आणि काही ग्रॅममध्ये माणूस गंभीर आजारी पडू शकतो. दिसतं मात्र साखरेसारखं. त्यामुळे स्वयंपाकघरातला डबा, चमचा, वजनकाटा काहीही वापरायचं नाही, आणि उरलेली पिशवी नाव लिहून कुलपात. पावडर ओतताना उडते तेव्हा मास्क हवा, डोळ्याला गॉगल हवा, हातात नायट्राइलचे मोजे. पाण्यात पावडर टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. लोखंडाचे डाग नसतील आणि नुसता रंग उजळायचा असेल तर सायट्रिक ॲसिडवर भागवता येतं. लोखंडावर ते ऑक्झॅलिकइतकं चालत नाही, पण कुत्रा-मांजरं असलेल्या घरात मी आधी तेच करून बघतो.

प्रत्यक्ष धुणं असं. आदल्या दिवशी फटींतला पाला पटाशीने नाही, लाकडी चिपेने काढा. सकाळी ऊन चढायच्या आत सुरुवात करा, कारण तापलेल्या फळीवर द्रावण वाळतं आणि वाळलं की डाग पडतात. आधी डेक आणि आजूबाजूची झाडं पाण्याने चिंब करा, तुळस कुंडीसकट उचलून लांब ठेवा. ओल्या झाडाची मुळं आणि पानं उडालेलं द्रावण कमी शोषतात. मग पाच-सहा फळ्यांचा एकेक पट्टा घ्या, परकार्बोनेटचं पाणी सढळ हाताने सोडा, पंधरा मिनिटं थांबा, मध्येच सुकायला लागलं तर वर पाणी शिंपडा. नंतर काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. तारेचा ब्रश आणि स्टील वूल डेकच्या जवळपासही नको. त्यांचे तुटलेले तुकडे म्हणजे ग्राइंडरच्या चुऱ्याचाच भाऊ.

घासताना पाणी चहाच्या रंगाचं वाहू लागेल आणि फळ्या उजळायच्या ऐवजी गडद तपकिरी दिसतील. इथे लोक घाबरतात आणि दुप्पट पावडर टाकतात. गरज नसते. टॅनिनवर अल्कली पडली की सागवान काळवंडतंच. पाणी स्वच्छ वाहीपर्यंत धुवा, मग ओल्या फळ्यांवरच ऑक्झॅलिकचं पाणी पसरा. पाच-सात मिनिटांत तो तपकिरी रंग डोळ्यांदेखत मागे सरतो आणि खालून सोनेरी सागवान दिसायला लागतं. इथे जोर लावून घासायची गरज नसते, ब्रशने नुसतं पसरत राहायचं. पंधरा मिनिटांच्या आत दोनदा पूर्ण धुऊन काढा. ऑक्झॅलिक फळीवर वाळू दिलं तर त्याचे बारीक स्फटिक राहतात आणि नंतर झाडताना नाकात जातात. मत्स्यटाकीच्या दुकानात आम्ल-अल्कली मोजणाऱ्या पीएच पट्ट्या मिळतात, त्यांतली एक शेवटच्या पाण्यात बुडवून बघा. नळाच्या पाण्याइतका आकडा आला की झालं.

२२० चौरस फुटांना प्रत्येक बादलीचे आठ-दहा लिटर पुरतात. म्हणजे परकार्बोनेट ६०० ग्रॅम आणि ऑक्झॅलिक ५०० ग्रॅम. एकेक किलो आणलं तर उरेल. उरलेलं परकार्बोनेट कोरड्या जागी, भुसा आणि तेलापासून लांब ठेवा. ते स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला ऑक्सिजन पुरवतं.

प्रेशर वॉशरबद्दल नक्की विचाराल. घरगुती मशिनवर पाण्याचा दाब १०० ते १३० बार लिहिलेला असतो, म्हणजे साधारण १,४५० ते १,९०० पीएसआय. सागवानासारख्या घट्ट लाकडाला याची वरची बाजू जास्तच आहे आणि पाइनला तर सगळीच. वापरायचाच तर रुंद पंख्याचा नोझल, फळीपासून फूटभर अंतर आणि फक्त धुण्यासाठी, सोलण्यासाठी नाही. टोकदार धारेने मऊ रेषा खोदल्या जातात, कडक रेषा उभ्या राहतात आणि पुढच्या वर्षी त्या खाचांत दुप्पट शेवाळ बसतं. केमिकलने नीट काम केलं असेल तर बागेचा साधा पाइप पुरतो.

तुमच्या तळ्याचं काय? डेकवरून तिकडे उतार असेल तर धुण्याच्या आधी मधे वाळूच्या पोत्यांचा किंवा ओल्या गोणपाटाचा बांध घाला, तळं ताडपत्रीने झाका आणि पाणी लॉनकडे वळवा. परकार्बोनेटचं पाणी अल्कलीमुळे आणि पेरॉक्साइडमुळे माशांना सोसत नाही, पण जमिनीत मुरलं तर मोडून जातं. शेवाळासाठी बीकेसी म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड वापरा, असंही कुणी सांगेल. ते औषध चांगलं आहे. एक-दोन टक्क्यांचं करून कोरड्या डेकवर मारून सोडून दिलं तर शेवाळ हळूहळू मरतं, घासावं लागत नाही. फक्त आधी साबणाचा अंश पूर्ण धुतलेला हवा, नाहीतर साबण त्याला निकामी करतो. पण माशांना ते अगदी कमी मात्रेतही मारक आहे आणि तुमच्याकडे ते धुतलं न जाता पावसाबरोबर तळ्यात उतरणार. तुमच्या घरी नको. कुत्र्याला त्या दिवशी आणि डेक पूर्ण वाळेपर्यंत आत ठेवा, कारण तो पाय चाटतो.

आता तो नियम, ज्याच्यासाठी दोन थेंब एका जागी टाकू नका म्हटलं होतं. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. ऑक्झॅलिक, टॉयलेटची निळी बाटली, अगदी व्हिनेगरसुद्धा. ‘ब्लीच मारल्यावर व्हिनेगरने न्यूट्रल करा’ असा सल्ला फिरत असतो, तो धोकादायक आहे. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन, तोही तितकाच वाईट. काचेच्या काही क्लीनरमध्ये अमोनिया असतो. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क वायूला अडवत नाही. म्हणून डेकवर आधी कुणी ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर मारली असेल, आणि काकांना हे स्पष्ट विचारा, तर भरपूर पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मगच ऑक्झॅलिकची बादली बाहेर काढा.

धुऊन झाल्यावर लगेच तेल लावायची घाई नको. घाटावर ऑक्टोबरअखेरच्या कोरड्या हवेत तीन-चार उन्हं तरी मिळू द्या. ओलावा मोजायचं मीटर असेल तर पंधरा टक्क्यांच्या खाली आल्यावर. फिल्म धरणारं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा व्हार्निश डेकवर मला आवडत नाही, एका जागी तडा गेला की खाली पाणी कोंडतं आणि पापुद्रे निघतात. आत मुरणारं, बुरशीनाशक मिसळलेलं डेक ऑइल घ्या. नुसतं जवसाचं तेल मात्र नको. ते बुरशीचं आवडतं जेवण आहे आणि काही महिन्यांत डेक पुन्हा काळा होईल, तुम्हाला वाटेल धुणं चुकलं. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेताना तापतात आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

एमएसचे स्क्रू असतील तर या धुण्यातच सुताराला बोलावून ते ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे करून घ्या. नाहीतर ऑक्झॅलिक दर वर्षी लागेल. आणि डेकवर वाकलेल्या फांद्या छाटा, खाली हवा खेळायची जागा मोकळी करा. शेवाळाला जी सावली आणि ओल लागते ती कमी झाली तर निम्मं धुणं वाचतं. डेक लाकडी नसून डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा असता तर ही सगळी कहाणी साबणाच्या पाण्यावर संपली असती.

आता न्यू जर्सी. बहिणीला आधी घराचं किंवा डेकच्या बांधकामाचं साल विचारा. २००३ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत घरगुती डेकच्या पाइनमध्ये बहुतेक वेळा सीसीए नावाचं लाकूड टिकवणारं औषध दाबाने मुरवलेलं असायचं. त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. त्यानंतर उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते बंद केलं आणि तांब्यावर आधारित दुसरी औषधं आली. साल २००४ किंवा त्याआधीचं असेल, किंवा माहीत नसेल, तर तिने वरच्या दोन्ही बादल्या विसरून जाव्यात. अशा लाकडावर ब्लीच, कॉस्टिक, परकार्बोनेट, ऑक्झॅलिक, सायट्रिक यांपैकी काहीही मारू नये अशी तिथल्या सरकारी यंत्रणांची सूचना आहे. यांनी आर्सेनिक जास्त सुटं होऊ शकतं आणि ब्लीच-परकार्बोनेटसारख्या ऑक्सिडायझरमुळे क्रोमियम त्याच्या घातक, हेक्साव्हॅलंट रूपात जाऊ शकतं. तिने साबण-पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरावं. सँडिंग नाही, प्रेशर वॉशर नाही, आणि तुटलेली फळी शेकोटीत तर अजिबात नाही, कारण आर्सेनिक धुरात आणि राखेत जातं. धुऊन वाळल्यावर आत मुरणारं अर्धपारदर्शक स्टेन दर एक-दोन वर्षांनी लावलं तर आर्सेनिकचा हाताला होणारा संपर्क कमी होतो. मुलं डेकवर खेळून आली की जेवणाआधी हात धुवायची सवय लावावी आणि खाऊ थेट फळीवर ठेवू नये.

नवा डेक असेल, म्हणजे २००४ नंतरचा, तर परकार्बोनेट चालेल, पण पाइन सागवानापेक्षा मऊ असतं. तिथे लिटरला ४० ग्रॅमवर थांबावं, दहा मिनिटांत धुवावं आणि आधी पायऱ्यांखालच्या न दिसणाऱ्या फळीवर वीतभर जागेत करून बघावं. तुम्हीही तेच करा. लोणावळ्याच्या डेकवर ती जागा म्हणजे दाराच्या पायपुसण्याखालची फळी. तिथला रंग दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर बघा आणि मगच पहिला पट्टा धरा.